किन्नौर-स्पिती की कुमाऊं? आधी सांगा, तुम्हाला गाडी लागते की उंची

हिमालयात गाडीने फिरायचं, पण सिमला-मनाली-नैनितालच्या मॉल रोडवर शेंगदाणे खात नाही, तर गावांत राहायचं, असं घरात ठरलं की चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते. एक, हिमाचलात सिमल्याहून सतलजच्या काठाने चढत जाणारं किन्नौर आणि त्याच्या पुढची स्पिती. दुसरं, काठगोदामला रेल्वेतून उतरून अल्मोडा, चौकोडी करत मुनस्यारीपर्यंतचं उत्तराखंडातलं कुमाऊं. लडाख मी यात धरत नाही. तिथे लोक खिंडी आणि तळी बघायला जातात, गावं वाटेत लागतात.

माझा अधिकार एवढाच, की या दोन्ही सहली मी दोन-दोनदा केल्यात आणि दोन्हीकडे पहिली खेप फुकट गेली. स्पितीला आम्ही शहाणपणा करून मनालीकडून चढलो. पहाटे निघून कुंझुम खिंड ओलांडून लोसर गावी पोहोचलो, तोवर नवऱ्याचं डोकं ठणकत होतं. रात्री उलट्या. पुढचे दोन दिवस त्याने काझा या स्पितीच्या मुख्य गावातल्या खोलीत छताकडे बघत काढले. कुमाऊंला आईला घेऊन मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. कौसानीला 'हिमदर्शना'च्या खोलीचे जास्तीचे पैसे मोजले आणि चार दिवस खिडकीतून पिवळट धुरकं पाहिलं. त्रिशूल कुठे दिसतो, असं आईने हॉटेलच्या पोऱ्याला विचारलं, तर त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

त्यामुळे माझा निकाल आधीच सांगून टाकते. सुट्टी मे महिन्यातली असेल तर किन्नौर-स्पिती. दिवाळीची असेल तर कुमाऊं. फोटो बघून ठरवू नका. फोटो दोन्हीकडचे सुंदरच असतात, कारण ते योग्य महिन्यात काढलेले असतात. हा निकाल कुठे फिरतो, हे बाकी गाडीत कोण बसलंय त्यावर आहे, आणि ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

महिना

कुमाऊंची सगळी गंमत समोरच्या हिमशिखरांच्या रांगेत आहे. कौसानी, बिनसर, चौकोडी ही ठिकाणं म्हणजे मधल्या डोंगरांच्या गॅलऱ्या. त्रिशूल ७,१२० मीटर, नंदादेवी ७,८१६ मीटर, उजवीकडे पंचचूली. पण एप्रिल संपता संपता खालच्या चिडाच्या जंगलांत पिरूळ, म्हणजे चिडाच्या वाळक्या सुया, पेट घेऊ लागतात. मैदानातली धूळ आणि या वणव्यांचा धूर मिळून पहिल्या पावसापर्यंत हवा गढूळ राहते. मध्येच वळवाचा पाऊस झाला तर एखादी सकाळ स्वच्छ मिळते, पण ती लॉटरी. याउलट ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर म्हणजे काच पुसून ठेवावी तशी हवा. आमच्या दुसऱ्या खेपेला, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, चौकोडीला सकाळी सहा ते साडेआठ कोणी चहालासुद्धा आत गेलं नाही. दुपारी कोवळं ऊन, रात्री दोन रजया.

मेमध्ये कुमाऊंला जाणाऱ्यांना दोन गोष्टी मिळतात, तेही खरं. काफळ हे रानफळ, रस्त्याकडेला पोरं पानाच्या द्रोणात मीठ लावून विकतात, आणि बुरांशच्या फुलांचं लालभडक सरबत. माझ्या मते तेवढ्यासाठी जाऊ नये.

स्पितीचं उलट आहे. मेमध्ये किन्नौरकडची बाजू उघडी असते. स्पितीत तेव्हा नांगरणी-पेरणी चालते. शेतं तपकिरी, डोंगर तपकिरी, माथ्यावर अजून भरपूर बर्फ. किन्नौरच्या वरच्या गावांत एप्रिलअखेरीला, मेच्या सुरुवातीला सफरचंद फुललेलं असतं. काझाला पहाटे पारा शून्याच्या आसपास, पण दिवसा ऊन चटका देतं. मेमध्ये एकच अडचण. काझाहून मनालीकडे उतरायची वाट, म्हणजे कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मीटर), बहुधा जून उजाडल्याशिवाय धड उघडत नाही. त्यामुळे आल्या वाटेने परतावं लागतं, दोन दिवस जास्त लागतात आणि चंद्रताल हे तळं राहून जातं. ज्यांना गोल फेराच करायचा आहे त्यांनी जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर बघावा. सप्टेंबर जमवता आला तर त्याच्याइतका चांगला महिना नाही. किन्नौरात सफरचंदाची तोडणी, स्पितीत कापणी, आकाश निळंशार. पण तेव्हा गणपती, सहामाही परीक्षा, सगळं एकत्र येतं, म्हणून आपल्या घरांना तो सहसा जमत नाही.

दिवाळीत स्पिती? जाणारे जातात. रात्री पारा शून्याच्या बराच खाली उतरतो, नळ गोठून फुटतील म्हणून घरमालक पाइप रिकामे करून ठेवतात, आंघोळ म्हणजे बादलीभर तापवलेलं पाणी, कुंझुम कधीही बंद. पंचविशीत मजा आहे. आईला घेऊन नाही.

जुलै-ऑगस्ट दोन्हीकडे टाळा. स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस नसतो, असं सांगून कोणी पटवू पाहील. स्पितीत नसतो, पण तिथे जाणारा रस्ता सतलजच्या घळईतून जातो. २०२१ च्या जुलैत सांगल्याच्या वाटेवर बटसेरीजवळ दरडीचे दगड गाडीवर येऊन नऊ पर्यटक गेले. पुढच्याच महिन्यात निगुलसरीला दरडीखाली बस आणि इतर वाहनं सापडून २८ माणसं दगावली. कुमाऊंत थल ते मुनस्यारी आणि पुढे धारचुल्याकडचे रस्तेही पावसाळ्यात दर दोन दिवसांनी बंद असतात.

लागणं

मराठीत 'लागणे' हे क्रियापद या विषयासाठीच घडवलंय असं मला वाटतं. कुमाऊंत गाडी लागते. स्पितीत उंची लागते.

कुमाऊंचे रस्ते वळणांचे. एक डोंगर उतरून नदीवर यायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा समोरचा डोंगर चढायचा, असं दिवसातून तीन वेळा. ताम्हिणी किंवा वरंध घाट दिवसभर संपलाच नाही तर कसं होईल, तसं. ज्याला महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात पिशवी लागते, त्याची इथे खैर नाही. पण इथे राहायची उंची निर्धोक आहे. अल्मोडा जवळपास आपल्या कळसूबाईइतकं (१,६४६ मीटर), कौसानी १,९०० च्या आत, चौकोडी २,००० च्या आसपास, मुनस्यारी २,२००-२,३०० मीटर. या उंचीवर फुप्फुसांची तक्रार सहसा होत नाही. सत्तरीतली माणसं, लहान मुलं, दमेकरी यांनाही, डॉक्टरांना विचारून, जमण्यासारखं.

स्पितीत खाबच्या पुलापर्यंत, जिथे स्पिती नदी सतलजला मिळते, वळणं आहेतच, आणि त्यानंतर 'का' नावाच्या गावाच्या चढावर एकावर एक रचलेली नागमोडी. पण नाकोनंतर दरी रुंद होते आणि रस्ता बराच सरळ धावतो. गाडी लागणारी मुलं तिथे टवटवीत होतात आणि त्यांचे बाबा गळतात. नाको ३,६६० मीटर, काझा साधारण तेवढंच किंवा थोडं वर, किब्बर ४,२००, लांगझा आणि हिक्किम ४,४००, कोमिक ४,५०० च्या वर. अडीच हजार मीटरच्या पुढे विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि तो तुमच्या वयाला, व्यायामाला, सिंहगड किती वेळा चढलात याला विचारत नाही. आमच्या घरात तो रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याला झाला.

यावर औषध म्हणजे जिना. रोज थोडं थोडं चढायचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आज जिथे झोपलात त्यापेक्षा उद्याचा मुक्काम पाचशे मीटरहून फार वर नसावा. किन्नौरकडून गेलं की हा जिना निसर्गानेच बांधून दिलाय. नारकंडा २,७००, सराहन त्याहून खाली, सांगला पुन्हा २,७००, कल्पा २,९०० च्या पुढे, ताबो ३,२८०, मग काझा. नाकोला मुक्काम न करता फक्त जेवून ताबोला उतरून झोपा, हा माझा आग्रहाचा सल्ला. मनालीकडून चढाल तर २,००० मीटरवरून एका दिवसात साडेचार हजारांची खिंड आणि रात्री चार हजारांवरचं लोसर. आम्ही केलं तसं करू नका. मनाली उतरायला ठेवा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी निघताना आपल्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर. आणि डोकं दुखून चालताना तोल जायला लागला, तर गोळीच्या आशेवर थांबू नका, गाडी खाली वळवा.

एक खोड कुमाऊंला जाणाऱ्यांची. मुनस्यारीपर्यंत आलोच आहोत तर 'आणखी तीन दिवसांत' धारचुल्याहून आदि कैलास उरकू, असं हल्ली फार चालतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आल्यापासून तर गर्दीच आहे. जागा अप्रतिम, पण तिथे स्पितीचीच उंची गाठावी लागते, जिन्याशिवाय, आणि इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, काढावा लागतो. ती वेगळी सहल म्हणून करा.

दवाखान्याचंही इथेच सांगते. कुमाऊं 'सेफ' म्हणून आईवडिलांना नेताना लक्षात ठेवा, मुनस्यारीहून मोठं इस्पितळ म्हणजे हल्द्वानी, पुरे दहा-अकरा तास. काझाहून खाली उतरायलाही पूर्ण दिवस जातो. फरक एवढाच, की कुमाऊंत उंचीमुळे तिथे जायची वेळ येण्याचा संभव कमी.

रस्ता, गाडी, चालक

सिमला ते काझा सव्वाचारशे किलोमीटर, काठगोदाम ते मुनस्यारी तीनशेच्या आत. नकाशात दोन्ही एका दिवसाचे वाटतात. ताशी वीस-पंचवीसचा हिशेब धरा आणि दिवसाला दीडशेवर जाऊ नका.

किन्नौरचा रस्ता म्हणजे जुना हिंदुस्तान-तिबेट मार्ग. ज्योरीच्या पुढे तरांड्याला तो सरळ कड्यात कोरलेला आहे. डोक्यावर खडकाचं छत, खाली सतलज. सगळे ड्रायव्हर तरांडा मातेच्या देवळापाशी थांबून हात जोडतात, आणि पहिल्यांदा जाणारा प्रवासीही, घरी नास्तिक असला तरी, उतरतो. त्यापुढे वांगतू-करछमच्या पट्ट्यात जलविद्युत प्रकल्पांची धूळ, ट्रक, बोगद्यांची तोंडं. हा भाग कुरूप आहे आणि सहलीच्या जाहिरातींत तो कधी दिसत नाही. दोन-तीन तास खिडक्या बंद ठेवून सोसायचा.

कुमाऊंचा रस्ता बहुतांश डांबरी, अरुंद, झाडीतला. बेरीनागच्या आसपास देवदार, थलच्या पुढे रामगंगेची दरी, बिर्थीचा १२६ मीटरचा धबधबा, मग कालामुनीची चढण. कालामुनीच्या माथ्यावर घंटांनी लगडलेलं देऊळ आहे. तिथून पुढच्या वळणावर पंचचूली एकदम समोर येते. ड्रायव्हर मुद्दाम काही सांगत नाहीत, गप्प राहून आरशातून तुमचं तोंड बघतात. कुमाऊंच्या रस्त्याचा खरा कंटाळा अगदी सुरुवातीला आहे. भवालीच्या पुढे कैंची धामपाशी वाहनांची अशी रांग लागते की दीड तास तिथेच जातो. सकाळी सहाच्या आत कैंची पार केलीत तर अल्मोड्यात नाश्ता.

स्वतः चालवावी का? घाटात हात बसलेला असेल, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि उतारावर ब्रेक न जाळता खालच्या गिअरमध्ये उतरायचं हे अंगवळणी असेल, तर कुमाऊं स्वतः चालवायला मस्त. किन्नौर-स्पितीत समोरून परिवहनची बस आली की कड्याच्या बाजूने पन्नास मीटर रिव्हर्स घ्यावा लागतो. तेव्हा गाडीत बायको आणि सासू दोघी एकाच वेळी सूचना देत असतात. तिथे मी स्थानिक ड्रायव्हरचे पैसे मोजते. पेट्रोलचं म्हणाल तर रिकांगपिओच्या खाली टाकी भरली की पुढचा भरवशाचा पंप काझाला, मधले अंतर दोनशे किलोमीटर. कुमाऊंत ही चिंता नाही.

गाडीच करायची नसेल तर कुमाऊं स्वस्तात होतं. हल्द्वानी, अल्मोडा, बागेश्वर, थल या साखळीत सकाळी शेअर जीप मिळतात. मागच्या सीटवर कोंबड्यांसह बसायची तयारी हवी. किन्नौर-स्पितीतही सरकारी बस रोज जाते आणि भल्याभल्या एसयूव्ही अडकतात तिथून निघते, पण ती धनकर, लांगझा, मुधसारख्या आडवाटेच्या गावांसाठी थांबणार नाही.

गावं

आता ज्यासाठी जायचं ते. इथे मला दोन्हीपैकी एक निवडायला लावू नका असं म्हणावंसं वाटतं, पण तुलना करायला बसलेय तर करते.

किन्नौरची गावं खाऊनपिऊन सुखी आहेत. सफरचंद, चिलगोजा (तिथे निओझा म्हणतात), राजमा. पैसा गावातच येतो, त्यामुळे तरुण मुलं गावातच दिसतात, हिरवी पट्टी लावलेली टोपी घालून पिकअप चालवताना. जुनी घरं लाकूड आणि दगडाचे थर आलटून पालटून रचलेली, काठकुणी पद्धतीची. त्याशेजारी नवी चार मजली काँक्रीटची, पत्रे गुलाबी. कामरूचा किल्ला आणि सराहनचं भीमाकालीचं देऊळ ही जुन्या बांधणीची उत्तम उदाहरणं. छितकुल हे बसपाच्या खोऱ्यातलं शेवटचं गाव (३,४५० मीटर) सगळ्यांच्या यादीत असतं. मला ते आता गाव वाटत नाही. 'आखरी ढाब्या'पाशी फोटोसाठी रांग असते. त्याच्या अलीकडच्या रक्छमला दोन रात्री काढा. बसपाचा आवाज, शेतात ओगला, म्हणजे आपलं उपासाचं कुट्टू, आणि संध्याकाळी देवळाच्या अंगणात म्हातारी माणसं.

कल्प्याला मात्र सगळ्यांनी जावं. समोर किन्नर कैलास, डोळे वर करून बघावा लागतो इतका जवळ. या गावाचं जुनं नाव चिनी. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत बर्फ पडायच्या आत इथे मतदान उरकावं म्हणून ऑक्टोबर १९५१ मध्येच मतपेट्या आणल्या, बाकी देशाच्या आधी काही महिने. पहिलं मत देणारे शिक्षक श्यामसरण नेगी याच गावचे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, जायच्या तीन दिवस आधी टपालाने शेवटचं मत देऊन.

स्पितीत शिरलं की घरं मातीची, चौकोनी, सपाट छपरांची होतात. छपराच्या कडेने चारा आणि काटक्या रचलेल्या, हिवाळ्याची बेगमी. ओठांवर 'जुले', म्हणजे नमस्कार. ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, ९९६ सालचा. बाहेरून मातीचे ढेकूळ वाटावेत असे बसके ठोकळे आणि आत हजार वर्षांची भित्तिचित्रं. त्याला 'हिमालयातली अजिंठा' म्हणतात. अशा उपमा मला आवडत नाहीत, पण अजिंठ्याला शाळेच्या सहलीत जाऊन आलेल्या मराठी माणसाने इथे उभं राहावंच. रंग तिथल्यासारखेच अंधाराला डोळे सरावले की हळूहळू पुढे येतात. फोटोला आत बंदी आहे, ते एका परीने बरं.

धनकर कड्याच्या टोकावर लटकलेलं. हिक्किमला १९८३ पासून टपाल कार्यालय आहे, तिथून स्वतःलाच पत्र टाकायची टूम आहे. लांगझाच्या शेतात समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात. मुलं ते विकायला आणतात, घेऊ नका. या गावांत घरात राहायला मिळतं. त्या घरची बाई तंदूरभोवती, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीभोवती, सगळ्यांना बसवते आणि तुम्ही कोण-कुठले याची चौकशी सुरू करते. हिमाचलात बाहेरच्यांना परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तिथल्या जमीन कायद्याचं कलम ११८ आड येतं. त्यामुळे स्पितीच्या गावात तुमचा यजमान बहुधा त्याच गावचा निघतो.

कुमाऊंची गावं वेगळी आणि थोडी दुखरी. इथे शेती पायऱ्यांची आणि तुटपुंजी. पिढ्यान्पिढ्या माणसं फौजेत, नाहीतर दिल्लीला. मनीऑर्डरवर चालणारा डोंगर असं म्हणायचे. आता मनीऑर्डर पाठवणाऱ्यांनी बायकामुलंही खाली नेली आणि घरांना कुलपं आहेत. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच, तिथे गणपतीला कुलपं उघडतात, इथे कुलदेवतेच्या पूजेला. जुन्या बाखल्या बघाल, एकाला एक लागून चाळीसारखी दुमजली घरं, छपरावर दगडी पाटी, दारांना कोरीव चौकटी. त्यातल्या निम्म्या अंगणांत गवत. मला अशा गावांतून फिरायला आवडतं, आणि तसं आवडण्याची थोडी लाजही वाटते. उरलेल्या म्हाताऱ्या, त्यांना 'आमा' म्हणायचं, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

अल्मोड्याजवळ चितईला गोलू देवतेचं देऊळ आहे. न्यायाचा देव. लोक त्याला अर्ज लिहितात, काही तर रीतसर स्टँपपेपरवर. भावाने जमीन बळकावली, सुनेने घर सोडलं, नोकरीचा निकाल लागू दे. हजारो घंटा आणि त्यांच्यामध्ये टांगलेले कागद. तोंडी गाऱ्हाणं घालणाऱ्या आमच्या आईला ही लेखी पद्धत जास्त पक्की वाटली.

मुनस्यारी जोहार खोऱ्याच्या तोंडाशी आहे. इथले शौका लोक पिढ्यान्पिढ्या मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून तिबेटात जायचे आणि मीठ, लोकर घेऊन यायचे. १९६२ च्या युद्धाने हा व्यापार एका झटक्यात संपला, वरची मिलमसारखी मोठी गावं ओस पडली. याच मिलमचा नैनसिंह रावत. इंग्रजांसाठी वेष पालटून १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंत पावलं मोजत गेला. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवून, शंभर पावलांना एक मणी. मुनस्यारीतल्या छोट्या खासगी संग्रहालयात या लोकांची भांडी, घोंगड्या, जुने कागद मांडलेत. तासभर काढा. आणि संध्याकाळी पाचला मिळेल त्या गच्चीवर जाऊन बसा. पंचचूली म्हणजे पाच चुली. स्वर्गाला निघण्याआधी द्रौपदीने पांडवांसाठी तिथे शेवटचा स्वयंपाक केला म्हणतात. सूर्य गेल्यावर पाचही शिखरं निखाऱ्यासारखी लाल होतात, तेव्हा नाव कुठून आलं ते कळतं.

तेव्हा, जिवंत, गजबजलेलं, स्वतःच्या पायावर उभं गाव बघायचं असेल तर किन्नौर. माणसाने इथे राहायचं ठरवलंच कसं असा प्रश्न पडावा असं गाव हवं असेल तर स्पिती. आणि घरासारखं, ओळखीचं, थोडं उदास गाव सोसणार असेल तर कुमाऊं.

जेवण आणि इतर भानगडी

जेवणात कुमाऊं सहज जिंकतं, निदान मराठी जिभेला. मडुआची रोटी म्हणजे नाचणीची भाकरी. गहत म्हणजे कुळीथ. झंगोरा हा आपल्या भगरीचा सख्खा भाऊ. काळ्या सोयाबीनची भट्ट की चुडकानी आणि भांगेच्या बियांची चटणी नवी वाटेल. ती चटणी चढत नाही, घाबरू नका आणि आशाही ठेवू नका. हे सगळं हॉटेलच्या मेन्यूत नसतं, सकाळी सांगितलं तर रात्री करून देतात. अल्मोड्याची बालमिठाई एक डबा कमी पडते, दोन घ्या.

स्पितीत थुक्पा, मोमो, राजमा-चावल, बटाटा. चौथ्या दिवशी आपण थेपले, शेंगदाण्याची चटणी काढतोच. किन्नौरचा राजमा मात्र किलोभर आणावा.

स्पितीच्या गावांत बरेचदा कोरडा संडास असतो, जमिनीत भोक आणि शेजारी माती-राखेचा ढीग. स्वच्छ असतो, वास येत नाही, पण उकिडवं बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी हा एक मुद्दा उंचीइतकाच निर्णायक आहे आणि कोणी सांगत नाही. काझा-ताबोच्या हॉटेलांत कमोड मिळतो. कुमाऊंत हा प्रश्न जवळपास नाही. मात्र पाताल भुवनेश्वरच्या गुहेत साखळी धरून घसरत उतरावं लागतं. आईला आम्ही वर चहाच्या टपरीवर बसवलं, आणि ती जास्त मजेत होती.

रेंज दोन्हीकडे मोठ्या गावांत मिळते, मधे तासन्तास नाही. रोख पैसे दोन्हीकडे, स्पितीत जास्त.

दिवस आणि माणसं

मुंबई-पुण्याहून स्पितीला घरापासून घरापर्यंत अकरा-बारा दिवस लागतात, मेमध्ये आल्या वाटेने परतायचं तर आणखी दोन. चंदीगडला विमानाने उतरा किंवा काल्क्याहून छोट्या गाडीने सिमला गाठा. पुढे नारकंडा, सराहन, रक्छम दोन, कल्पा, ताबो, काझा तीन, परत. दहापेक्षा कमी दिवस असतील तर स्पिती सोडून फक्त किन्नौर करा, ते आठ दिवसांत निवांत होतं आणि तीन हजार मीटरच्या आसपास झोपून होतं. आईवडिलांना मेमध्येच न्यायचं असेल तर हाच मधला मार्ग.

कुमाऊंला आठ-नऊ दिवस पुरतात. दिल्लीहून रात्रीच्या रेल्वेने काठगोदाम, अल्मोडा किंवा बिनसर दोन, जागेश्वर जाता जाता, चौकोडी एक, मुनस्यारी तीन, परतताना कौसानी एक. मुनस्यारीला दोनच रात्री ठेवतात लोक. एक सकाळ ढगात गेली की हळहळतात.

शेवटी मला नेहमी विचारली जाणारी एक जोडी. नवरा-बायको, दोघं तिशीतले, बरोबर तीन वर्षांचं मूल, सुट्टी दिवाळीची, आणि मनात स्पिती. मूल डोकं दुखतंय हे सांगू शकत नाही, नुसतं किरकिर करतं, आणि ती किरकिर कंटाळ्याची की उंचीची हे रात्री दोनला काझात ओळखणं कठीण. त्यांना मी मुनस्यारी सांगते. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, काठगोदामच्या गाड्या दिवाळीत भराभर भरतात. तेवढी तारीख आत्ताच मोबाइलवर लावून ठेवा.